पुतळा आधी पोचला, माणसं नंतर

२०२५च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून आपल्याकडे जो धुरळा उडाला, त्या गदारोळात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने एस्टोनियाचं उदाहरण टाकलं. एवढासा देश, लोकसंख्या आपल्या गोव्याएवढीसुद्धा नाही, पण बघा कसा रशियाच्या नाकावर टिच्चून त्यांच्या सैनिकाचा पुतळा उखडून टाकला, आणि आपण बसलोय नुसत्या चर्चा करत. त्यावर दुसरा उसळला की मेलेल्या माणसांच्या कबरींवर बुलडोझर फिरवणारे लोक तुम्हाला आदर्श वाटतात का, उद्या कुणी तुमच्या आज्याची समाधी उकरली तर चालेल का. झालं. तीन दिवस चाललं ते, मधे कुणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं तेवढाच काय तो विसावा. गंमत अशी की टालिनमध्ये, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, नक्की झालं काय हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिथे पुतळा उखडून फेकला नाही आणि कबरींवर बुलडोझरही फिरला नाही. २००७ साली पुतळा शहरातल्या चौकातून काढून सैनिकी दफनभूमीत नेला आणि त्याच्याजवळ पुरलेल्यांनाही तिथेच नेऊन पुन्हा पुरलं. म्हणजे आपल्याकडे ज्यासाठी हे उदाहरण तोंडावर फेकलं जातं त्याच्या ते बरोबर उलटं आहे, कबरस्तानातून काही हाकललं नाही, कबरस्तानात पोचवलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गैरसमज नको. तो पुतळा हलवला ते योग्य झालं असं मला वाटतं. ज्या तऱ्हेने हलवला ती तऱ्हा मात्र वाईट होती आणि तिची किंमत एका पोराच्या जिवाने चुकवावी लागली. आणि आता जे म्हणतात की दफनभूमीतूनही काढा, वितळवा, त्याच्या नळाच्या तोट्या करा, ते मला साफ चूक वाटतात. ही तिन्ही मतं एकाच डोक्यात कशी राहतात असं विचारलं जातं, म्हणून हा लांबलचक प्रपंच.

पुतळा आहे कसा ते बघा पहिल्यांदा. साधारण दोन मीटर उंचीचा ब्राँझचा सैनिक, रेड आर्मीचा, म्हणजे सोव्हिएत सैन्याचा, गणवेश, हेल्मेट काढून हातात घेतलेलं, मान खाली. मागे दगडी भिंत. १९४७ सालचा आहे, शिल्पकार एन रोस आणि वास्तुरचनाकार आर्नोल्ड आलास, दोघंही एस्टोनियनच. चेहरा बेतला म्हणे क्रिस्त्यान पालुसालूवर, ज्याने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कुस्तीची दोन सुवर्णपदकं घेतली तो एस्टोनियाचा हिंदकेसरी. खुद्द शिल्पकाराने हे नाकारलं होतं, पण लोकांना ती कथा आवडते, मलाही आवडते. मुद्दा असा की ना हात वर केलेला, ना बंदूक रोखलेली, ना पायाखाली कुणी चिरडलेला. मयताला आलेला माणूस टोपी काढून उभा राहतो ना, तसा उभा आहे तो. पण तेव्हाच्या सोव्हिएत सरकारने त्याला नाव काय दिलं? 'टालिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक'. अनावरण कधी? २२ सप्टेंबरला, म्हणजे १९४४ साली रेड आर्मी टालिनमध्ये शिरली त्याच तारखेला. शिल्पकाराने केलेला कबरीवरचा माणूस सत्तेने उचलून विजयस्तंभाच्या नोकरीला लावला, आणि पुढची साठ वर्षं सगळे भांडले ते त्या नोकरीवरून.

ही 'मुक्ती' काय प्रकरण होतं? १९३९च्या ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी गुपचूप नकाशावर रेघा मारल्या आणि १९४०च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा एस्टोनियात घुसल्या. १४ जून १९४१ला सुमारे १०,००० लोकांना, त्यात बायका पोरं म्हातारे सगळे आले, गुरांच्या डब्यांत भरून पूर्वेकडे पाठवलं. मग जर्मन आले, तीन वर्षं राहिले. १९४४च्या सप्टेंबरात जर्मन निघायला लागले तेव्हा मधल्या चार दिवसांच्या फटीत ओट्टो टीफ नावाच्या माणसाने एस्टोनियाचं सरकार जाहीर केलं आणि पिक हेर्मान बुरुजावर निळा-काळा-पांढरा झेंडा चढला. २२ तारखेला रेड आर्मी आली तेव्हा टालिन सोडून जर्मन बहुतेक निघून गेले होते आणि बुरुजावरून जो झेंडा उतरवला गेला तो हिटलरचा नव्हता, एस्टोनियाचा होता. आणि मुक्ती मिळाल्यावर साडेचार वर्षांनी, मार्च १९४९मध्ये, आणखी २०,०००च्या वर माणसं सायबेरियाला रवाना झाली. दहा-अकरा लाखांच्या देशात हे आकडे म्हणजे काय होतं याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. एस्टोनियन माणूस त्या पुतळ्यासमोर बसची वाट बघत उभा राहायचा तेव्हा त्याला काय दिसत असेल? मान खाली घातलेला सैनिक दिसत नसणार.

याआधी तिथे लाकडी स्मारक होतं. ८ मे १९४६च्या रात्री १४ आणि १५ वर्षांच्या दोन शाळकरी मुलींनी ते स्फोटकं लावून उडवलं, कारण एस्टोनियाच्या १९१८ ते १९२०च्या स्वातंत्र्ययुद्धाची स्मारकं सोव्हिएत सत्ता एकेक करून पाडत सुटली होती. मुली पकडल्या गेल्या, छावण्यांत गेल्या. हे सांगायचं कारण असं की 'इतक्या वर्षांचं जुनं स्मारक, आत्ताच कुठून सुचलं' हा जो प्रश्न २००७ साली विचारला गेला त्यात दम नाही. सुचलं होतं ते पहिल्या वर्षातच. फक्त बोलायची सोय नव्हती.

आता दुसरी बाजू. ती लंगडी करून मांडायची आणि मग लाथ मारून पाडायची ही आपल्या चर्चांची जुनी खोड, ती मला करायची नाहीये, कारण दुसऱ्या बाजूकडे जे आहे ते खरोखर वजनदार आहे. टालिनपासून थोड्या अंतरावर क्लोगा नावाचं गाव आहे, तिथे नाझींची छळछावणी होती. १९ सप्टेंबर १९४४ला, म्हणजे रेड आर्मी टालिनला पोचायच्या फक्त तीन दिवस आधी, तिथे सुमारे २,००० कैद्यांना गोळ्या घालून लाकडांच्या थरांवर जाळलं. बहुतेक ज्यू. शंभरच्या आतबाहेर माणसं लपून वाचली आणि त्यांना बाहेर काढलं ते रेड आर्मीने. एस्टोनियात मागे राहिलेले जवळपास सगळे ज्यू तर त्याआधीच मारले गेले होते, १९४२च्या जानेवारीत बर्लिनजवळ झालेल्या वान्झे बैठकीच्या कागदांत हा देश 'ज्यूमुक्त' म्हणून नोंदवलेला आहे. क्लोग्यातून वाचलेल्या माणसाला जाऊन सांगा बघू की ते मुक्तिदाते नव्हते. नाही सांगता येणार. एका माणसाचा मुक्तिदाता हा दुसऱ्याचा कब्जेदार असू शकतो, एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर, एकाच गणवेशात. हे ज्याला गिळता येत नाही त्याने या वादात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा टालिनच्या रशियन बोलणाऱ्या लोकांचा. देशातली साधारण पाव लोकसंख्या. यातली कितीतरी कुटुंबं युद्धानंतर कारखान्यांत कामाला आणून वसवलेली, १९९१ला सोव्हिएत संघ गेला आणि ही माणसं एका रात्रीत परक्या देशात सापडली, घर तेच, नोकरी गेली. १९४० नंतर आलेल्यांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही, भाषेची परीक्षा द्या मग बघू, आणि २००७ सालीही लाखावर लोक कुठल्याच देशाचे नागरिक नसलेले, करड्या रंगाचा पासपोर्ट घेऊन फिरणारे होते. त्यांच्यासाठी तो पुतळा 'अल्योशा' होता, लाडाचं नाव, जसं आपण बंड्या म्हणू तसं. ९ मेला, म्हणजे हिटलरच्या जर्मनीवरच्या विजयाच्या दिवशी, त्याच्या पायाशी लाल कार्नेशनची फुलं ठेवायची, आजोबांचं पदक छातीला लावायचं. स्टालिनला वंदन करायला ते जात नव्हते, आजोबांना भेटायला जात होते. पूर्ण शहरात 'हे आपलं' म्हणावं अशी हीच एक जागा उरलेली आणि तीही काढून घेता? हा प्रश्न खोटा नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात साधा. खाली पुरलेली माणसं. स्टालिनने त्यांना विचारून लढाईला पाठवलं नव्हतं. गावातल्या मारुतीच्या पाराजवळ वीरगळ असतो, झिजलेला, खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्यावर चंद्रसूर्य. तो कुठल्या राजासाठी मेला, यादवांकडून की शिलाहारांकडून, गाई सोडवताना की गाई पळवताना, कुणाला ठाऊक नसतं, तरी दसऱ्याला त्याला शेंदूर लागतोच. मेलेल्याला आपण पक्ष विचारत नाही. रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला सांगितलेलं, मरणाने वैर संपलं, आता याचे संस्कार कर, हे वाक्य न ऐकलेला मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. मग टालिनच्या त्या बारा-तेरा जणांचं काय?

इथेच मला वाटतं की दोन्ही बाजू एक गोष्ट जाणूनबुजून मिसळतात. कबर वेगळी आणि कबरीवर कुणी काय उभारलं ते वेगळं. कबर मेलेल्याची असते, त्याच्या घरच्यांची असते. उभारलेलं जे असतं ते उभारणाऱ्याचं. प्रतापगडाच्या पायथ्याला अफझलखानाची कबर साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ आहे, २०२२च्या नोव्हेंबरमध्ये प्रशासनाने तिच्या भोवतीचं अनधिकृत बांधकाम पाडलं, कबर ठेवली. त्या कारवाईबद्दल कुणाचं काहीही मत असो, पण हा फरक करता येतो हे त्यातून दिसतं. टालिनमध्ये हा फरक पहिल्यांदा कुणी पुसला? सोव्हिएत सत्तेने. कारण त्या चौकात, त्योनिस्मॅगीला, जे पुरलेले होते त्यातले बहुतेक तिथे पडलेलेच नव्हते. दोघांना सप्टेंबर १९४४मध्ये तिथे पुरलं आणि बाकीच्यांना एप्रिल १९४५मध्ये दुसरीकडून उकरून शहराच्या मध्यावर आणून पुरलं, मग चौकाला 'मुक्तिदात्यांचा चौक' असं नाव दिलं. म्हणजे 'शांत झोपलेल्यांना उठवू नका' असा जो आक्रोश २००७ला मॉस्कोतून झाला, त्या झोपलेल्यांना पहिल्यांदा उठवलं होतं ते त्यांच्याच सरकारने, आणि कशासाठी, तर जागेवर हक्क सांगायला. प्रेतं पुरली की जागा हलवता येत नाही हे सत्तेला चांगलं कळतं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रातोरात शेंदूर फासलेला दगड येतो आणि मग रस्ता रुंद होत नाही, त्यातलाच प्रकार, फक्त इथे दगडाच्या जागी माणसं वापरली.

यावर मला बर्लिनचं उदाहरण देतात. ट्रेप्टॉव्हर पार्कमध्ये सोव्हिएत सैनिकाचा अवाढव्य पुतळा आहे, १९४९चा, कडेवर लहान मूल, हातात तलवार, पायाखाली तुटलेलं स्वस्तिक, आणि तिथे ७,००० सैनिक पुरलेले आहेत. जर्मनी करारानुसार ते सगळं नीट सांभाळते, झाडलोट करते, तुटलं तर दुरुस्त करते. मग एस्टोनियालाच एवढं काय झालं? तर झालं एवढंच की एस्टोनियाने कुणावर हल्ला केला नव्हता. जर्मनीने सांभाळायचं कारण जर्मनीने सुरू केलं होतं. ज्याने दुसऱ्याचं घर जाळलं त्याच्या अंगणात जळालेल्यांची समाधी असणं हे बरोबरच आहे, पण ज्याच्या घरातून जाता येता दोन्ही सैन्यं भांडी उचलून घेऊन गेली त्याच्या देवघरासमोर त्यातल्या एकाचा विजयस्तंभ, हे बरोबर कसं?

'इतिहास पुसू नका' वाल्यांचं काय करायचं? मुंबईत काळा घोडा होता. सातवा एडवर्ड, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स, घोड्यावर बसलेला, १८७९पासून. १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला. इतिहास पुसला गेला का? अजूनही टॅक्सीवाल्याला काळा घोडा म्हटलं की तो बरोबर तिथेच सोडतो, इतकंच काय, २०१७ला तिथे नवा काळा घोडा बसवला, यावेळी पाठीवर कुणी नाही, जो घोडा लोकांच्या लक्षात होता तेवढाच. पण एक कबूल केलं पाहिजे, हे उदाहरण आपल्याला फार सोपं पडतं. एडवर्डच्या खाली कुणी पुरलेलं नव्हतं आणि त्याच्या वाढदिवसाला रडत फुलं घेऊन येणारं गिरगावात कुणी नव्हतं. टालिनला दोन्ही होतं.

अवघड उदाहरण घ्यायचं तर कोरेगाव भीमाचं घ्या. तो स्तंभ उभारला कंपनी सरकारने, १ जानेवारी १८१८ची आपली लढाई मिरवायला. आज तिथे लाखो लोक येतात ते कंपनीच्या प्रेमापोटी येतात का? स्तंभावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांसाठी येतात, १९२७ला बाबासाहेब आले होते म्हणून येतात. उभारणाऱ्याचा अर्थ केव्हाच गळून गेला आणि दुसराच, जास्त मोठा अर्थ त्या दगडात आला. उद्या कुणी म्हणालं की हे परकीय सत्तेचं स्मारक आहे, काढा, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. मग अल्योशाला फुलं वाहणाऱ्यांनी आपला अर्थ घातलेला मला का चालत नाही? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं, खोटं कशाला बोलू. माझं उत्तर असं आहे की कंपनी मेली. १८५८लाच तिचं राज्य गेलं. कोरेगावच्या स्तंभाच्या आडून आज कुठलीही ईस्ट इंडिया कंपनी पुण्यावर हक्क सांगत नाही. क्रेमलिन मेलेलं नाही. आजोबांसाठी आणलेल्या फुलांच्या मागे उभं राहून, आम्ही तुम्हाला १९४०ला गिळलंच नव्हतं, तुम्ही आपणहून आलात, असं सांगणारं सरकार जिवंत आहे, त्याची हद्द तिथून दोनशे किलोमीटरवर आहे, त्याच्याकडे रणगाडे आहेत. स्मारकाचा अर्थ लोकांनी बदलायचा असेल तर उभारणाऱ्याने आधी हात काढावा लागतो. आणि शिवाय, लोकांचा अर्थ दफनभूमीत गेला नाही का? गेला. ९ मेला कार्नेशनचे ढीग आता तिथे पडतात. चौकातला जो भाग मागे राहिला तो 'मुक्तिदाता' हा होता, आजोबा नव्हेत.

आणि रशियन सरकारचा कळवळा किती खरा होता हे तपासायची सोय त्याच महिन्यात झाली होती. २००७च्या एप्रिलमध्येच, मॉस्कोला अगदी चिकटून असलेल्या खिमकीमध्ये, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या वैमानिकांच्या कबरी हायवेच्या कडेवरून उचलल्या गेल्या. मॉस्कोतल्या एस्टोनियन वकिलातीला तेव्हा क्रेमलिनवाल्या तरुणांच्या संघटनेने वेढा घातला होता, राजदूत बाईंच्या पत्रकार परिषदेत धिंगाणा चालला होता, पण खिमकीत जाऊन गाड्या अडवल्या नाहीत त्या तरुणांनी. खिमकीचा एक पत्रकार, मिखाईल बेकेतोव, याने ते लिहून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्याला घराबाहेर इतकं मारलं की पाय आणि बोटं कापावी लागली, २०१३ला तो गेला. त्या मारहाणीमागे त्याची इतरही लिखाणं होती, जंगलतोडीवरची वगैरे, सगळं कबरींवर ढकलत नाही मी. पण दोन ठिकाणच्या कबरी, एकच महिना, आणि ओरडा एकाच ठिकाणचा, हे विसरता येत नाही.

इथपर्यंत एस्टोनियाच्या बाजूने बोललो, आता त्यांचे कान धरतो. मार्च २००७ला निवडणुका होत्या आणि पुतळा हा प्रचाराचा खमंग विषय झाला, पंतप्रधान आंद्रुस आन्सिप यांच्या पक्षाने त्याचा भरपूर फायदा उठवला. जानेवारीत युद्धकबरी संरक्षणाचा कायदा करून घेतला, तो कायदा म्हणून ठीकच होता, बसथांब्याशेजारी कबरी असू नयेत यात चूक काय. पण मग हलवायला मुहूर्त कुठला काढला? ९ मे दोन आठवड्यांवर असताना. २६ एप्रिलला पहाटे पोलिसांनी कुंपण घातलं, वर मोठा तंबू टाकला, आत काय चाललंय कुणाला दिसू नये. आत उत्खनन होतं, पण बाहेरच्याला काय वाटणार? ज्यांचे आजोबा त्यांनाच बाहेर ठेवून आत काहीतरी उकरतायत. संध्याकाळी गर्दी, मग दगड, मग दुकानांच्या काचा, लूटमार, रबरी गोळ्या, दोन रात्री टालिन पेटलं. हजाराच्या वर लोक धरले गेले. २० वर्षांचा एक तरुण भोसकून मारला गेला. सरकारने रात्रीच तातडीची बैठक घेतली आणि २७च्या पहाटे, उजाडायच्या आत, पुतळा क्रेनने उचलून नेला. जे काम दिवसाढवळ्या, बँड लावून, दोन्ही भाषांत भाषणं करून, पाद्री आणि रॅबाय बोलावून करता आलं असतं, ते चोरीचा माल हलवावा तसं केलं. लगोलग बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स यांच्यावर सायबर हल्ले सुरू झाले आणि काही आठवडे चालले, जगाला त्यानंतर टालिन माहीत झालं ते सायबरमुळे, नाटोने पुढच्या वर्षी तिथे सायबर संरक्षणाचं केंद्रच काढलं. त्या गडबडीत कबरींचा विषय मात्र सगळे विसरले.

आता तिसरी मंडळी, पाडा म्हणणारी. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर बाल्टिक देशांनी उरलीसुरली सोव्हिएत स्मारकं काढायला घेतली. १६ ऑगस्टला एस्टोनियातल्या नार्व्हाजवळचा टी-३४ रणगाडा उचलून म्युझियममध्ये नेला, २५ ऑगस्टला लाटव्हियाच्या राजधानीतला, रिगामधला, ७९ मीटरचा विजयस्तंभ तळ्यात आडवा पाडला. मला दोन्हींचं वाईट वाटलं नाही. रणगाड्याखाली कुणी पुरलेलं नव्हतं, स्तंभाखालीही नाही, आणि रणगाडा काही केल्या मान खाली घालत नाही. पण त्या लाटेत 'मग ब्राँझ सैनिक तरी कशाला ठेवायचा' असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा त्या लोकांनी २००७चा आपलाच युक्तिवाद सोडलेला असतो. तुम्ही म्हणाला होतात ना, आमचा विरोध मेलेल्यांना नाही, जागेला आहे? मग आता जागा बदलली. आता तो चौकात हुकूम सोडत नाही, थडग्यांशी उभा आहे, ज्या कामासाठी त्याला घडवलं होतं त्या कामावर पहिल्यांदा रुजू झालाय. नुसतं दफनभूमीत असणं पुरेसं असतं असंही मी म्हणत नाही. लिहुला गावात २००४ला जर्मन गणवेशातल्या एस्टोनियन सैनिकाचा दगड दफनभूमीतच बसवला होता, खाली कुणी नव्हतं, नुसतं मिरवणं होतं, आणि एस्टोनियन सरकारनेच दोन आठवड्यांत पोलीस बंदोबस्तात तो उचलला, गावकऱ्यांचे दगड खाल्ले. तो उचलला हेही बरोबरच. टालिनच्या दफनभूमीची गोष्टच वेगळी आहे. तिथे १८८७पासून माणसं पुरली जातायत, झारची, स्वातंत्र्ययुद्धातली एस्टोनियन, त्यांच्या मदतीला आलेली ब्रिटिश, मग सोव्हिएत. सोव्हिएत काळात तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या जुन्या थडग्यांची मोडतोड झाली. आणि आज ज्यांनी मोडली आणि ज्यांची मोडली ते एकाच भिंतीच्या आत आहेत. त्यांच्यातल्या एकाला पुन्हा बाहेर काढून काय मिळणार?

हलवण्यानेच अपमान होतो हे मला पटत नाही ते आपल्याकडच्या अनुभवामुळे. खडकीच्या युद्ध दफनभूमीवरून मी कितीदा गेलोय, सारख्या उंचीचे पांढरे दगड, गवत कापलेलं. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे थडग्यांची कायम निगा राखली जाईल याची खात्री नव्हती तिथून ती खडकीला आणली गेली, दुसऱ्या महायुद्धातले दीड हजाराच्या वर सैनिक आहेत, कुणी म्हणालं का की त्यांना झोपेतून उठवलं? याहून जवळचं म्हणजे बसराचं स्मारक. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पुण्याची सहावी डिव्हिजन गेली होती, त्यात मराठा पलटणी, टेसिफोनची लढाई, मग कुतचा वेढा, उपासमार, एप्रिल १९१६ची शरणागती. तिकडे मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,०००च्या वर लोकांचं ते स्मारक बसराच्या गोदीजवळ होतं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खं उचलून ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेलं. साताऱ्या-रत्नागिरीत कुणाला कळलं तरी का? आणि कळलं असतं तरी कुणी काय शोधलं असतं त्याच्यावर? ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं होतं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं होतं, आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. ही स्मारकं आणि दफनभूमी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ला चौकशी करून माफी मागितली, की लाखाच्या वर लोक, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मुख्यतः पूर्व आफ्रिकन आणि इजिप्शियन, नावाने नोंदलेच गेले नाहीत. आपल्याकडच्या गावांत चावडीवर संगमरवरी पाटी दिसते ना, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले, आकडे दोन, नाव एकही नाही, तोच हिशोब. स्मारक चौकात आहे की वाळवंटात याने त्या माणसांचं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते नाव न लिहिल्याने आणि घरच्यांना कुणी न विचारल्याने.

आणि या कसोटीवर टालिनला तोलायला गेलं तर निकाल दोन्ही बाजूंना थोडा टोचतो. तंबूत बारा जणांचे अवशेष सापडले. डीएनए तपासणी झाली, नातेवाइकांचा शोध घेतला, ज्यांच्यावर घरच्यांनी हक्क सांगितला ते साठ वर्षांनी आपापल्या माणसांकडे गेले. सोव्हिएत काळातल्या कुठल्याही अनंत ज्योतीने, सलामीने, मिरवणुकीने त्यांच्यासाठी हे केलं नव्हतं. पण तारखा बघा. पुतळा दफनभूमीत उभा करून ३० एप्रिलला लोकांसाठी खुला केला. राहिलेल्या आठ जणांना तिथे मातीत ठेवलं ते ३ जुलैला. मे आणि जून, त्यात ९ मेसुद्धा आला, ब्राँझचा सैनिक हेल्मेट हातात घेऊन, मान खाली घालून, रिकाम्या जमिनीकडे बघत उभा होता आणि लोक येऊन त्याच्या पायाशी फुलं ठेवत होते.